निविदेत लिहिलेले राज्य

प्रत्येक सरकारी कार्यालयात जडवस्तू संग्रह नोंदवही असते. टेबल, खुर्ची, पंखा, लोखंडी कपाट, पुढच्या काळात संगणक आणि प्रिंटर, जे जे विकत आले त्याची त्यात नोंद होते. वस्तूवर रंगाने क्रमांक टाकला जातो, दरवर्षी पडताळणी होऊन सही होते, आणि वस्तू मोडीत निघाली की निर्लेखनाचा प्रस्ताव वर जातो. सरकारी खरेदीची सगळी शिस्त या नोंदवहीभोवती वाढलेली आहे. वस्तूचे वर्णन द्यायचे, दर मागवायचे, सर्वांत कमी दरवाल्याला कार्यादेश द्यायचा, माल तपासून घ्यायचा, नोंद करायची, देयक अदा करायचे. कित्येक पिढ्या ही शिस्त बऱ्यापैकी चालली, कारण घेतलेली वस्तू कार्यालयातच राहत असे आणि देयक निघाले की विकणाऱ्याशी असलेला संबंध संपत असे.

क्लाउड सेवेला या नोंदवहीत जागाच नाही. नवी मुंबईत, हैदराबादेत किंवा चेन्नईत कुठल्याशा इमारतीत असलेल्या संगणकांची ताकद आणि साठवणुकीची जागा खाते तासाच्या किंवा महिन्याच्या हिशेबाने वापरते आणि वापरेल तेवढे पैसे देते. कार्यालयात एकही खोके येत नाही. पहिले देयक निघते तेव्हा कुठे पुरवठादाराशी संबंध सुरू होतो, आणि तो पाच-सात वर्षे चालतो. तरीही आपल्याकडच्या कितीतरी निविदा आजही टेबल-खुर्ची घ्यायच्या चालीवर लिहिल्या जातात. सरकार माहिती तंत्रज्ञान आणि क्लाउड सेवा कशा घेते, त्यात कुठे चुकते, आणि ती चूक सुधारणे कोणाच्या हाती आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

शुद्धिपत्रक, बयाणा रक्कम, तांत्रिक लिफाफा, वित्तीय लिफाफा असे शब्द आले की सामान्य वाचक पान उलटतो. तो समजतो की हा अधिकारी आणि कंपन्या यांच्यातला मामला आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे, आणि ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना इतकी लांबली आहे. सातबाऱ्यासाठी, रेशनच्या अंगठ्यासाठी, दस्त नोंदणीसाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी माणूस खिडकीशी उभा राहतो आणि त्याला ऐकू येते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ लोक समोरच्या कर्मचाऱ्यावर चिडतात. पण मंद सर्व्हरला कंटाळून महाराष्ट्रात तलाठ्यांनीच आंदोलने केली आहेत. तेही त्याच रांगेतले. त्या दिवशी त्या खिडकीवर काय होणार हे बरेचसे दोन-तीन वर्षांपूर्वीच ठरून गेलेले असते. किती जण एकाच वेळी काम करतील असे धरले, यंत्रणा बंद पडली तर ते कोणी आणि कुठे मोजायचे, दंड किती, करार संपल्यावर माहिती कोणाकडे जाणार, ही सगळी उत्तरे निविदेच्या कागदावर असतात. एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या बाईचा दिवस त्या कागदावर अवलंबून असतो. म्हणून तो कागद तिचा आहे, आणि तिच्या वतीने तो कोणीतरी वाचला पाहिजे.

थोडा मागचा इतिहास सांगणे भाग आहे. केंद्र सरकारने १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन केले आणि पुढे बराच काळ सरकारी संगणकीकरण म्हणजे एनआयसी असे समीकरण राहिले. १९९५ मध्ये तिच्या हाताखाली खरेदीसाठी निक्सी ही कंपनी निघाली. महाराष्ट्रात भूमी अभिलेखांचा ई-फेरफार आणि नोंदणी विभागाची आय-सरिता ही कामे एनआयसीच्या पुण्यातल्या लोकांनी उभी केली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी लोकांच्या हाती आला. नगरपालिकांच्या बाबतीत कल्याण-डोंबिवलीने या शतकाच्या सुरुवातीला पुढाकार घेतला आणि तो नमुना राज्यातल्या इतर पालिकांपुढे ठेवला गेला. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली, राज्याराज्यांत डेटा सेंटरे उभी राहू लागली, आणि त्याबरोबर मोठ्या खासगी कंपन्या आल्या. पासपोर्ट सेवेचे काम २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे गेले. तिथे कंपनीला यंत्रसामग्रीच्या किमतीऐवजी दर अर्जामागे ठरलेली रक्कम द्यायची असे ठरले, आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय मात्र सरकारी अधिकाऱ्याच्याच हाती ठेवला. सार्वभौम अधिकाराचे काम कोणते आणि खिडकीवरचे काम कोणते याची रेघ त्या कराराने स्पष्ट ओढली. आपल्याकडच्या चांगल्या करारांत मी तो धरतो.

क्लाउडचा सरकारी प्रवास ‘मेघराज’ या नावाने सुरू झाला. धोरण २०१३ मध्ये आले, एनआयसीचा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये. त्यानंतर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने खासगी क्लाउड कंपन्यांना सूचीबद्ध करायला सुरुवात केली. त्यासाठी एसटीक्यूसी या सरकारी संस्थेचे लेखापरीक्षण उत्तीर्ण व्हावे लागते आणि माहिती भारतातच ठेवावी लागते. दिल्लीत जेम हे खरेदीचे संकेतस्थळ ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले आणि २०१७ मध्ये पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय हे जुने खाते बंदच झाले. महाराष्ट्राने खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने नव्याने लिहिली, आणि जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. खात्यांनी आपले काम क्लाउडवर न्यावे असे धोरण म्हणून सांगणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. धाडसाचा निर्णय होता, आणि दिशाही बरोबर होती. पण खात्यांना क्लाउडवर जा म्हणून सांगणे आणि क्लाउड कसा विकत घ्यावा हे त्यांना येणे, या दोन गोष्टींत अंतर होते. ते अजून भरून निघालेले नाही.

ते अंतर मला सर्वांत ठळक दिसते उपलब्धतेच्या कलमात. सेवा ९९.५ टक्के वेळ चालू राहील, असे करारात लिहिलेले असते. वाचताना बरे वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटे. इतका वेळ यंत्रणा बंद राहिली तरी कंपनी कराराच्या आतच असते. ९९.९ टक्के लिहिले तर हीच सूट त्रेचाळीस मिनिटांवर येते, ९९.९९ लिहिले तर जेमतेम सव्वाचार मिनिटांवर, आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. पण हे साडेतीन तास कधीचे, हे कोणी विचारत नाही. मध्यरात्रीचे साडेतीन तास आणि खरीप पीक विम्याच्या शेवटच्या दुपारचे साडेतीन तास करारात सारखेच धरले जातात. शिवाय पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती या हिशेबातून वगळलेली असते.

याहून मोठा घोटाळा मोजण्याच्या जागेत आहे. क्लाउड कंपनी आपला आभासी संगणक चालू आहे की नाही ते मोजते. तो चालू असतो. त्यावरचा डेटाबेस सांभाळणारी कंपनी डेटाबेस मोजते. तोही चालू असतो. जोडणी देणारी कंपनी आपली तार मोजते. तिघांचेही अहवाल हिरवे, आणि जुन्नरच्या शेतकऱ्याला उतारा मिळत नाही. कारण उतारा निघण्यासाठी या तिघांनी आणि शिवाय ओळख पडताळणाऱ्या, पैसे घेणाऱ्या, सही उठवणाऱ्या आणखी दोन-तीन यंत्रणांनी एकाच क्षणी काम करावे लागते. एकेक दुवा ९९.५ टक्के चालत असला तरी सहा दुवे एकापाठोपाठ आले की साखळीचा आकडा ९७ टक्क्यांवर घसरतो, म्हणजे महिन्याला एकवीस तासांहून अधिक बंद. एवढा साधा गुणाकार मी ज्या निविदांच्या मसुद्यात शोधला, त्यांत तो क्वचितच सापडला. उपलब्धता खिडकीवर मोजा, असे एक वाक्य निविदेत आले तर बरेच काही बदलेल. नमुन्याचा एक व्यवहार दर पाच मिनिटांनी तालुक्याच्या ठिकाणाहून आपोआप करून पाहायचा, आणि तो पूर्ण झाला तरच सेवा चालू धरायची. हे करण्याचे तंत्र जुने आणि स्वस्त आहे. ते मागितले जात नाही, एवढेच.

याला जोडून दुसरी गोष्ट. गर्दी वाढली की ताकद वाढवायची आणि ओसरली की कमी करायची, हा क्लाउडचा मुख्य फायदा. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील लोकांसाठी कोविन खुले झाले तेव्हा पहिली काही मिनिटे ओटीपी अडले, पण त्या दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. ती ताकद आधी विकत आणून गोदामात ठेवता आली नसती. आता एखाद्या जिल्हास्तरीय कामाची निविदा पाहा. तिच्या परिशिष्टात अमुक क्षमतेचे आठ संगणक, तमुक टेराबाइट जागा असा तक्ता असतो, जणू ते ट्रकमधून उतरणार आहेत. गर्दीच्या दिवशी नववा संगणक लागला तर तक्त्याबाहेरचा खर्च म्हणून नस्ती फिरते, आणि ती परत येईपर्यंत मुदत उलटून जाते. अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. जास्त वापरले तर लेखापरीक्षक मान्यतेबाबत विचारणार, कमी वापरले तर अंदाज का चुकला म्हणून आक्षेप काढणार. क्लाउडचा खर्च महसुली, वर्षाचे अनुदान ३१ मार्चला व्यपगत, आणि देयक मात्र विजेच्या बिलासारखे दर महिन्याला वेगळे. जुन्या हिशेबाच्या चौकटीत हे बसवायचे तर वरची एकूण रक्कम बांधून द्यावी आणि आतली प्रमाणे वापरानुसार बदलू द्यावीत. काही निविदांनी हे केले आहे. वित्त विभागाने त्याचे स्पष्ट परिपत्रक काढले तर बाकीचेही करतील.

दरांच्या तक्त्यात आणखी एक सापळा आहे, आणि तो इथेच सांगतो, कारण पुढच्या प्रकरणात तो आकड्यांनिशी येतो. समजा, निविदेत शंभर प्रकारच्या क्लाउड सेवांचे एकेरी दर मागवले आणि त्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी त्याला एल-वन ठरवले. कोणती सेवा किती लागणार याचे प्रमाण धरलेच नाही. जाणकार कंपनी काय करते? खाते कधीही वापरणार नाही अशा साठ सेवांना ती जवळपास शून्य दर लावते आणि रोज लागणाऱ्या दहा सेवांना चढा. बेरजेत ती पहिली येते, आणि प्रत्यक्षात खाते बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजत राहते. नियम कुठेही मोडलेला नसतो. इथे नियम असूनही जनतेचा पैसा जातो, आणि तो वाचवायला लागणारे ज्ञान एवढेच की मागच्या सहा महिन्यांच्या वापराची यादी काढून दरांना त्या प्रमाणात वजन द्यायचे.

सर्वांत कमी दराचा आग्रह हाच रोग आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी तसे म्हणणार नाही. एल-वनची पद्धत भ्रष्टाचाराच्या अनुभवातून आली आहे आणि तिने पुष्कळ पैसा वाचवला आहे. गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजणारी पद्धत सल्लागार सेवांना पूर्वीपासून होती. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ती इतर कामांनाही काही अटींवर खुली केली आणि गुणवत्तेचे वजन ३० टक्क्यांवर थांबवले. पण गुण देणारी समिती जर काम ओळखू शकत नसेल तर ते गुण सादरीकरणाच्या चकचकीतपणाला मिळतात. पद्धत बदलल्याने जाण येत नाही. पात्रतेच्या अटींचेही तसेच आहे. गेल्या तीन वर्षांत अमुक कोटींची उलाढाल, याच प्रकारच्या सरकारी कामाचा अनुभव, अशा अटी घातल्या की प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात त्याच चार-पाच कंपन्या उरतात आणि पुण्या-नाशिकची, कोल्हापूरची लहान कंपनी पोटठेकेदार म्हणून तेच काम अर्ध्या पैशात करते. मी बसलेल्या निविदापूर्व बैठकांत उलाढालीच्या अटीवर तास-तास वाद होत असत. करार संपल्यावर काय, या कलमावर एकही प्रश्न आल्याचे मला आठवत नाही.

ब्रिटनने या बाबतीत काही शिकून दाखवले. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये जी-क्लाउड सुरू केला, लहान कंपन्यांनाही दर आणि सेवा मांडता येतील असा, आणि करार मुद्दाम आखूड ठेवले. २०१४ मध्ये त्यांनी मर्यादाच आखून दिल्या: अपवाद सोडता १० कोटी पौंडांहून मोठा माहिती तंत्रज्ञानाचा करार करायचा नाही, आपोआप मुदतवाढ नाही, संगणक ठेवण्याचे करार दोन वर्षांपेक्षा लांब नाहीत. २००२ मध्ये सुरू झालेली त्यांच्या आरोग्य सेवेची अवाढव्य संगणक योजना अब्जावधी पौंड गिळून २०११ मध्ये मोडीत काढावी लागली, तो घाव त्यामागे होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नेमके उलटे करून पाहिले. जेडाय नावाचे दहा वर्षांचे, १० अब्ज डॉलरपर्यंतचे क्लाउडचे काम एकाच कंपनीला द्यायचे ठरवले, ऑक्टोबर २०१९ मध्ये ते मायक्रोसॉफ्टला दिले, कोर्टकचेऱ्यांत दीड-पावणेदोन वर्षे गेली, आणि जुलै २०२१ मध्ये सगळे रद्द केले. डिसेंबर २०२२ मध्ये तेच काम चार कंपन्यांत वाटले गेले.

करारातले एखादे कलम माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरते, हे दाखवायला मात्र मी ब्रिटनच्याच टपाल खात्याचे उदाहरण घेईन. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली खेडोपाडीच्या पोस्टांत बसवली. ती फुजित्सूकडून आली होती. प्रणालीतल्या चुकांमुळे हिशेबात तूट दिसू लागली आणि पोस्ट चालवणाऱ्या सामान्य माणसांवर चोरीचे खटले भरले गेले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. व्यवहाराच्या मूळ नोंदी कंपनीकडे होत्या; करारानुसार वर्षाला ठरावीक संख्येपर्यंतच त्या मिळत आणि त्यापुढे खर्च पडे, म्हणून त्या मागवण्यात हात आखडता घेतला जाई. ज्या नोंदीने एखादी निरपराध बाई सुटली असती ती नोंद पुरवठादाराच्या कपाटात होती आणि ती मागवणे हा खर्चाचा प्रश्न होता. २०१९ च्या न्यायालयीन निकालाने सत्य बाहेर आले, आणि मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या नोंदी, आपले लॉग, आपली माहिती खात्याला केव्हाही, विनाशुल्क आणि वाचता येईल अशा स्वरूपात मिळाली पाहिजे, हे कलम मी आता प्रत्येक निविदेत सर्वांत आधी शोधतो.

बाहेर पडण्याची वाट हा या पुस्तकाचा गाभा आहे. करार संपताना माहिती दुसरीकडे न्यायची तर तिचे स्वरूप कोणते, ती बाहेर काढण्याचे शुल्क कोणाचे, प्रणालीचा सोर्स कोड कोणाच्या मालकीचा, तो आजच्या तारखेचा आहे हे कोण तपासणार, नव्या कंपनीला शिकवायला जुन्या कंपनीचे लोक किती महिने थांबणार, हे सगळे पहिल्या दिवशी लिहून घ्यावे लागते, कारण पहिल्या दिवशीच सरकारचा हात वर असतो. क्लाउड कंपन्या माहिती आत घ्यायला सहसा पैसे घेत नाहीत. बाहेर न्यायला घेतात. शिवाय एखाद्या कंपनीच्या खास सेवेवर प्रणाली बांधली गेली की ती उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, पुन्हा लिहावी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बाहेर पडण्याचा आराखडा आणि खात्याच्या मान्यतेशिवाय माहिती न पुसण्याचे बंधन आहे. पण खात्याचा मसुदा जुन्या निविदेवरून उतरवलेला असतो आणि या आराखड्याचे परिशिष्ट कोरेच राहते. मग करार संपतो, पर्याय नसतो, आणि त्याच कंपनीला मुदतवाढ मिळते. दुसऱ्यांदा मिळते. तिसऱ्यांदा मिळते. या मुदतवाढीच्या टिपणीत ‘जनहितार्थ’ असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते, कारण त्या दिवशी यंत्रणा बंद पडली तर लोकांचेच हाल होणार असतात.

याला उपाय म्हणून काही जण म्हणतात, सगळे सरकारच्याच इमारतीत ठेवा. त्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरी हलवताना आग लागली आणि सरकारच्या सातशेहून अधिक यंत्रणा बंद पडल्या. जी-ड्राइव्ह नावाच्या सरकारी साठवणुकीतली ८५८ टेराबाइट माहिती, सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांचे काम, कायमची गेली. तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही ठेवलेली नव्हती. उलट बाजूनेही धडा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या परत सुरू झाल्या. माहिती भारताच्या भूमीवर असणे आणि ती भारताच्या ताब्यात असणे यांत फरक आहे, हे त्या काही दिवसांत सर्वांना कळले. २०१८ च्या अमेरिकी क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांना परदेशात ठेवलेली माहितीही तिथल्या यंत्रणांना द्यावी लागू शकते. म्हणून कुलूपबंद माहितीच्या किल्ल्या खात्याकडे आहेत का, हा प्रश्न संगणक कुठल्या शहरात आहेत या प्रश्नापेक्षा मोठा आहे. आणि कोणीही ठेवो, दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असली पाहिजे आणि ती उघडते की नाही हे दर तिमाहीला पाहिले पाहिजे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या आघाडीच्या रुग्णालयात कित्येक दिवस कागद-पेनावर काम चालले.

हे सगळे कोण पाहणार? या प्रश्नापाशी मी पुन:पुन्हा येतो. नवे आयकर संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. इन्फोसिससारखी कंपनी, सुमारे ४,२४२ कोटींची तरतूद, तरीही पहिल्या दिवसापासून लोक अडकले आणि ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घ्यावे लागले. कंपनीवर टीका झाली, ती योग्यच होती. पण प्रणाली तयार आहे असे मान्य करून सुरू करण्याची तारीख ठरवणे हे खरेदीदाराचे काम असते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी देशभरातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. त्यांनी त्यातून घेतलेला धडा मला महत्त्वाचा वाटतो. पुढच्याच वर्षी त्यांनी सरकारच्या आत तंत्रज्ञांची दोन पथके उभारली, एटीनएफ आणि डिजिटल सर्व्हिस. कंपन्यांचे काम वाचू शकणारी, कोड तपासू शकणारी, ‘हे तयार नाही’ असे म्हणू शकणारी सरकारी माणसे. दहा वर्षे ते चालले. २०२५ च्या सुरुवातीला एक पथक बंद झाले आणि दुसऱ्याचे रूपच बदलले. कमवायला दशक लागलेली जाण काही आठवड्यांत घालवता येते, हेही त्यातच दिसले.

आपल्याकडे एनआयसीची परंपरा आहे, तिचे मोल मी कमी करणार नाही. पण जिल्ह्यात एनआयसीचे दोन-तीन लोक आणि खात्यांच्या मागण्या शंभर, अशी स्थिती असते. मग निविदा लिहायला सल्लागार नेमतात, तिच्यावर देखरेख करायला दुसरा सल्लागार, आणि सही करणारा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. काही कामे सरकारी महामंडळाला नामनिर्देशनाने जातात आणि महामंडळ ती बाहेरच्या कंपनीकडून करून घेते. तेव्हा खाते आणि कंपनी यांच्यात थेट करारच उरत नाही आणि दंड कोणी कोणाला लावायचा हे संदिग्ध राहते. सार्वजनिक बांधकाम खाते पूल स्वतः बांधत नाही, तरी त्याच्याकडे अभियंते असतात, मोजमाप पुस्तिका असते, आणि शाखा अभियंत्याने मापे लिहून सही केल्याशिवाय ठेकेदाराचे देयक निघत नाही. माहिती तंत्रज्ञानासाठी राज्याला असाच स्वतःचा संवर्ग हवा, बढतीची वाट असलेला, बदली झाली तरी विषय न सुटणारा. या पुस्तकातल्या इतर अनेक सूचना वादाच्या ठरतील. ही एक मी पूर्ण खात्रीने मांडतो.

हे पुस्तक अधिकाऱ्यांसाठी आहे, पण तेवढ्यांसाठीच नाही. स्थायी समितीत प्रस्तावावर हात वर करणारे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य, तालुक्याचे वार्ताहर, संगणकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि निविदा भरू पाहणारे लहान उद्योजक यांनी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून ते मराठीत लिहिले. इंग्रजीतला करार ज्याला वाचता येत नाही त्याच्याच पैशाने आणि त्याच्याच नावाने तो होतो.

महाटेंडर्सवर निविदा कोणालाही उघडून पाहता येते. पण निविदा म्हणजे अर्धीच गोष्ट. झालेला करार, त्याला मिळालेल्या मुदतवाढी, दर महिन्याचा उपलब्धतेचा अहवाल आणि लावलेला दंड हे कागद शोधायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो आणि ‘व्यापारी गुपित’ म्हणून तो बरेचदा परत येतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ खात्यांना अशी माहिती न मागता प्रसिद्ध करायला सांगते. कोणत्या कंपनीचा सर्व्हर कोणत्या तालुक्यात किती तास बंद होता, ही माहिती गुपित असू शकत नाही. रांगेतल्या प्रत्येकाला ती आधीच माहीत असते. सातबारा, रेशन, दस्त नोंदणी आणि शिष्यवृत्ती या चार सेवांपासून सुरुवात करून हे मासिक अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत लावावेत, आणि दंडाची रक्कम त्याच तक्त्यात लिहावी. त्याचा नमुना शेवटच्या परिशिष्टात दिला आहे. ज्या खात्याला तो वापरायचा असेल त्याने तो जसाच्या तसा उचलावा.